डाव्या पायाचा किरमिची बूट

'किरमिच' म्हणजे जाड, घट्ट विणीचे सुती कापड. किरमिजी रंगाशी त्याचे नाते नाही. हे आधीच सांगतो, कारण मी किरमिचाचा आहे, कातड्याचा नव्हे, आणि माझ्या अंगातून सुई जाऊ शकली म्हणूनच मला दुसरा जन्म लाभला.

मी डाव्या पायाचा बूट. निजामी अमदानीत जालन्याच्या मैदानावर महेमूद हॉकी खेळे, तेव्हा मी आणि माझा उजवा भाऊ त्याच्या पायांत असू. तीन वर्षांत भावाचे कापड बोटांपाशी फाटले. तळ मात्र शाबूत होता. हैदराबादेहून नवा जोड आला आणि आम्ही कोनाड्यात गेलो.

शेजारी दुर्गाबाई राहत. त्यांचा डावा पाय बोटभर आखूड, म्हणून हाती सदैव काठी. घागर सावरायला एक हात, दोर-बादलीला दुसरा. काठीला तिसरा कुठून आणायचा? त्यामुळे त्यांच्या घरचे पाणी शेजारणी भरत, आणि भरताना सुस्कारे टाकत. तो प्रत्येक सुस्कारा दुर्गाबाईंना ऐकू येई.

एके दिवशी त्यांनीच आम्हांला मागितले.

महेमूद संकोचला. "भाबी, वापरलेला जोड देणं बराबर न्हाई."

"तुमचा पाय पळाला की त्याच्यात. माझा नुसता चालू द्या."

गल्लीच्या तोंडाशी जोडे शिवणाऱ्या कचरूने भावाचा तळ सोलला आणि दुर्गाबाईंचा आखूड पाय तेवढा उंच व्हावा म्हणून सायकलचे पंक्चर जोडण्याच्या द्रावणाने माझ्या तळाखाली चिकटवला. मला दुर्गाबाईंच्या ओसरीवर पालथे ठेवून वर दगड ठेवला. "सांजेपर्यंत हात लावू नका," असे बजावून तो गेला.

दुपारी दुर्गाबाईंच्या सासूबाई झुंबरबाई बाहेर आल्या. उलटे पायताण दिसताच त्यांनी दगड उचलला आणि मला सुलटे केले. भावाचा ओला तळ घसरून मातीत माखला.

"आत्याबाई, काय केलंत हे!"

"उलटा जोडा घरात भांडण आणतो गं. सुलटा केला, मंग काय बिघडलं?"

"तो चिकटून राह्यला व्हता!"

दोघींचा आवाज ऐकून कचरू परतला. "उलटा व्हता तोवर घर गप व्हतं, मावशी. भांडण तुम्ही सुलटं केल्यावर आलं!"

झुंबरबाई क्षणभर रागावल्या. मग पदरात तोंड लपवून हसल्या. दुर्गाबाई मात्र हसल्या नाहीत. पुसलेला तळ हातात घेऊन त्यांनी विचारले, "आता?"

"द्रावणाचा नाद सोडू. किरमिच हाय, सुई जाईल."

त्याने दोऱ्याला मेण चोळले आणि भावाचा तळ माझ्या कडेने टाके घालून पक्का केला. प्रत्येक टाका दुखला. पण कोनाड्यात नुसते पडून राहण्यापेक्षा ते दुखणे बरे होते.

आता काठी घरीच राहते आणि रोज सकाळी दुर्गाबाईंच्या पायात मी आडापर्यंत जातो. मेणाचा दोरा दोनदा बदलला आहे. आडावर जमणाऱ्या बायांनो, तुमच्याही कोनाड्यात माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला बाहेर काढा.

गल्लीत सांगतात, की माझ्यामुळे दुर्गाबाईंचे लंगडणे गेले. ते खरे नव्हे. त्या आजही लंगडतात, आणि परतताना वाटभर पाणी सांडते. पण घागर त्यांनी स्वतः भरलेली असते.