तीन सेकंदांचा लहानू

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, सेलूच्या एका स्टुडिओच्या कपाटात पडलेला. भिंगावर बुरशी आली आहे, पट्टा उंदरांनी कुरतडला आहे. पण एकेकाळी माझा काय थाट होता, विचारा कोणालाही! आणि या कपाटात मला काय ऐकू येतं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो.

माझा मालक धनंजय. लग्नांच्या शूटिंगवर त्याचं पोट. मी येण्याआधी त्याच्याकडे खांद्यावर घ्यायचा एक धिप्पाड कॅमेरा होता. त्या काळी प्रत्येक नवरीच्या बापाला वरमाला 'स्लो मोशन'मध्येच हवी असायची. धनंजय साधं शूटिंग करायचा आणि नंतर मिक्सिंगमध्ये ते हळू करायचा. अहो, मुळात चित्रंच कमी, ती ताणून ताणून किती ताणणार? माळ हवेत अडकत अडकत जायची आणि नवरदेवाचा हात म्हणजे नुसता पांढरा फराटा. लोक तेसुद्धा तोंडात बोट घालून बघत.

२००७ साली धनंजय नागपूरला गेला आणि एका दुकानात त्यानं मला पाहिलं. दुकानदारानं आधीच सांगून टाकलं, "भाऊ, हा खरा स्लो मोशन घेते, पण तीनच सेकंदाचा. मंग पस्तावजो नको." धनंजयनं मला नळाच्या धारेसमोर धरलं. धारेतला एकेक थेंब वेगळा दिसला, आणि गडी मला घेऊनच उठला.

माझं काम कसं, सांगतो. एका सेकंदात मी इतरांपेक्षा कितीतरी जास्त चित्रं टिपायचो. त्यामुळे तीन सेकंदांचे बारा व्हायचे आणि तरी कुठे फराटा नाही. नखरेही होते माझे. मला ऊन लागायचं, चांगलं रणरणतं. मांडवातल्या ट्यूबलाइटखाली माझं चित्र लुकलुकायचं. आणि टिपलेले तीन सेकंद टेपवर उतरवायला मला बारा सेकंद लागायचे. तेवढा वेळ मी ठार आंधळा. कान मात्र उघडे. मालकानं ठरवलं, तर त्या बारा सेकंदांत मी जे ऐकेन तेच चित्रावर चढायचं. म्हणजे चित्र आधीचं आणि आवाज नंतरचा.

त्या हिवाळ्यात केळझरकडच्या एका शिवारात शंकरपट भरला. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे पट म्हणतात. धनंजयचा वर्गमित्र लहानू हा नावाजलेला धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा. तो माझ्या भिंगात तोंड घालून म्हणाला, "धन्या, पळताना माह्या बैलाचे चारही पाय हवेत असतात का नाई, तेवढं मले दाखव बे!" धनंजयनं आवाज चालू ठेवला. हळू पळणाऱ्या जोडीवर लोकांच्या शिट्ट्या ऐकू येतील, मजा येईल, असं त्याला वाटलं. बोट नेहमी उशिरा पडतं, म्हणून बटण दाबण्याच्या आधीचे तीन सेकंद धरायची सोय त्यानं लावली.

लहानूची जोडी आली. चारही पाय हवेत होते, मित्रांनो, मी पाहिलं! लहानू छकडीवर ओणवा उभा होता आणि सगळे दात दिसतील इतका हसत होता. जोडीनं रेघ ओलांडली, धनंजयनं बटण दाबलं आणि मी आंधळा झालो.

मग मी ऐकलं. जोडी थांबलीच नाही. बांधावर चढली आणि छकडी उलटली. लाकूड मोडल्याचा आवाज, बायांचा गलका, आणि त्या सगळ्याच्या वर लहानू, "माय वं! माय!" त्यापुढे त्याचा आवाज आला नाही. मला पुन्हा दिसायला लागलं तेव्हा धनंजय मला मातीत टाकून धावला होता. मला नुसतं आभाळ दिसत होतं.

लहानूची आई अनुसयाबाई त्या दिवशी घरी होती. एकुलता एक पोरगा तिचा. गावानं ठरवून तिला सांगितलं, की लहानू जागीच गेला, हूं का चूं केलं नाही. दिवस-कार्य आटोपल्यावर ती स्टुडिओत आली. "धनू, माह्या लेकाचा शिनेमा आहे म्हणतात तुह्यापाशी. दाखवतं का?"

धनंजयनं मला टीव्हीला जोडलं आणि आवाज बंद करून टेप लावली. तिनं काचेवरून हात फिरवला. "आवाज काऊन नाई रे?"

"हळू केलं का आवाज येत नाई, मावशी."

धडधडीत खोटं! पण त्याला तरी मी कोणत्या तोंडानं बोल लावू?

मग ती दर बाजाराच्या दिवशी येऊ लागली. भाजीची पिशवी दारात ठेवायची, बसायची, बघायची, पदरानं डोळे पुसून निघून जायची. ती गेली की धनंजय एकटाच आवाज चालू करायचा. ते हसरं तोंड आणि त्यावर ती हाक! त्याला ते पुसायचं होतं. बोट बटणापर्यंत जायचं आणि मागे यायचं. मला भीती वाटायची, खरंच सांगतो. टेप बाहेर काढून ठेवली तरी माझ्या पोटात कोणीतरी "माय वं" म्हणत राहायचं.

एका बाजाराच्या दिवशी ती आली ती बसलीच नाही. पटावर गेलेली कोणी बाई तिच्याजवळ बोलून गेली होती. "धनू, खरं सांग. त्यानं मले हाक मारली का? तू आवाज लपवून राह्यला का?"

धनंजयचा चेहरा उतरला. "मावशी, नको ऐकू वं. मेलेल्या माणसाच्या हाकेले ओ देऊ नये. ओ देली का आपणबी त्याच्या मागं जातो, म्हणतात. अन् तू ओ देशीन. मले म्हाईत आहे."

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धनंजय खरोखरच भ्यायला होता.

"देईनच," ती म्हणाली. "लेकरानं हाक मारली, अन् माय घरी चुलीपाशी बसून होती. त्याले कोणीच ओ देली नाई. लाव तू."

त्यानं लावलं. टेप माझ्याच पोटात फिरत होती. लहानू हसत हसत आला, लाकूड मोडलं, आणि आवाज आला, "माय वं! माय!"

अनुसयाबाई टीव्हीपाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "ओ! आली रे बापा, आली. भिऊ नको."

आता हिला काय होतं, म्हणून धनंजय दोन्ही हात पुढे करून उभा होता. काही झालं नाही. ती खाली बसली, पाणी मागितलं, गटागटा प्यायली. बाहेर कांदेवाला ओरडत होता. पेला खाली ठेवून ती म्हणाली, "आता पूस ते."

"आवाज पुसतो, मावशी. चित्र राहू देतो."

"चित्रबी पूस. दर बाजाराले मी त्याले पळवून राह्यली. दमला असन पोट्टा."

धनंजय हुंदके देत होता. त्यानं माझ्या भिंगावर झाकण लावलं आणि लहानूच्या जागेवर अंधार भरून घेतला. अनुसयाबाई पिशवी उचलून बस धरायला गेली. त्यानंतर ती बाजाराला यायची, पण स्टुडिओत कधी आली नाही. धनंजयनंही पुन्हा माझं ते बटण दाबलं नाही. पुढे टेप न लागणारे नवे कॅमेरे आले आणि मी कपाटात गेलो.

टेप कोरी झाली, पण माझ्या पोटातली हाक गेली नाही. दुपारी दुकान सामसूम झालं की ती येते. मी जिवाचे कान करून ऐकतो. मला कान दिले, तोंड नाही दिलं, मी काय करू? मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू जपा, भिंग पुसा, ओल लागू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण तुम्हाला तोंड आहे. घरात कोणी हाक मारली, तर हातातलं असेल ते खाली ठेवा आणि आधी ओ द्या.