पहिल्या बाकावरचा हिरवा दिवा

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, माईक म्हटलं की तुम्हाला तालीम मंडळाच्या गणपती मंडपातला उंच दांड्यावरचा माईक आठवेल. तसा मी नाही. मी अंगठ्याएवढा आणि काळा आहे. माझ्या एका बाजूला बारीक जाळी आहे, दुसऱ्या बाजूला एक दिवा. ऐकतो मी नेहमीच, पण दिवा हिरवा असला की जे ऐकतो ते एकाच माणसाच्या कानात पोहोचवतो. चांगलं तेवढं पाठवावं आणि वाईट गाळावं अशी सोय माझ्यात केलेली नाही.

तो माणूस म्हणजे प्राध्यापक पार्श्वनाथ मगदूम. कोल्हापुरातल्या एका विद्यापीठात ते एम.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवत. त्यांचा उजवा कान पूर्ण गेला होता आणि डावा जायला निघाला होता. डाव्या कानामागे माझा जोडीदार बसे, म्हणजे श्रवणयंत्र. मी वर्गातून पाठवायचं, त्यानं कानात सांगायचं, अशी आमची वाटणी होती.

माझी आठवण राजारामपुरीतल्या एका दवाखान्यापासून सुरू होते. सरांच्या पत्नी राजमतीबाई डॉक्टरांना सांगत होत्या, "ह्यांना वर्गातल्या मागच्या पोरांचं ऐकू येईल असं काहीतरी द्या. घरातलं ऐकलं नाही तरी चालतंय. नाहीतरी कधी ऐकलंय!"

सर हसले, पण ते काळजीत होते. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि तोवर वर्ग आपल्या हातात राहावा, एवढंच त्यांना हवं होतं. मुलानं प्रश्न विचारला आणि आपल्याला तो कळलाच नाही, असं दोन-तीनदा झालं होतं. तसं पुन्हा झालं तर वर्ग जाईल, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पहिल्या बाकावर ठेवलं आणि मुलांना सरळ सांगितलं, "मला कमी ऐकू येतं. ज्याला प्रश्न असेल त्यानं ह्याला हातात घ्यायचं आणि बोलायचं. लाजायचं नाही."

ती मुलं चांगली होती. मी बाकाबाकांवरून फिरलो. कुणीतरी मला 'सरांचा तिसरा कान' म्हटलं. सर प्रश्न ऐकायचे, डोळे मिटायचे, मग फळ्याकडे न बघता उत्तर सुरू करायचे. एखादा प्रश्न आवडला तर खडू खिशात टाकून म्हणायचे, "हा प्रश्न मलाच पडायला पाहिजे होता." संध्याकाळी घरी नेऊन मला ते मऊ फडक्यानं पुसायचे. मित्रांनो, वस्तूला आयुष्यात याहून जास्त काही लागत नाही.

ती मुलं पास होऊन गेली. पुढच्या वर्षी दुसरी आली.

त्यांच्यात मंगळवार पेठेतला राजवीर होता. आवाज खणखणीत, वर्गाला हसवण्यात पहिला. त्याचा जोडीदार अमरसिंह शेवटच्या बाकावर बसायचा. माझ्या जाळीवर नखानं खरवडलं की सर कान धरतात, हा शोध ह्या दोघांचा. मग ते मला कधी जेवणाच्या डब्यात बंद करायचे, कधी मोबाईलवर हलगी लावून माझ्यापुढे धरायचे. जोतिबाच्या यात्रेहून आले त्या दिवशी त्यांनी माझ्या जाळीत गुलाल भरला. राजमतीबाईंनी जुन्या टूथब्रशनं तो काढला, पण सगळा निघाला नाही. अजूनही थोडा आत आहे. तेव्हापासून माझा आवाज थोडा खरखरीत झाला.

एका दिवसाबद्दल मात्र नीट सांगायला हवं. राजवीर मला हातात घेऊन उभा राहिला आणि प्रश्न विचारू लागला. म्हणजे फक्त ओठ हलवू लागला. तोंडातून आवाज काढायचाच नाही, असं वर्गाचं ठरलं होतं. सरांना वाटलं, मी बिघडलो. त्यांनी कानामागचा आवाज वाढवला. "परत सांग बाळ."

राजवीरनं परत ओठ हलवले. पोरं गंभीरपणे माना डोलावत होती, जणू फार मोलाचं काही चाललं आहे. सरांनी आवाज पुरता वाढवला आणि मान पुढे करून उभे राहिले. तेवढ्यात मागून अमरसिंहनं स्टीलचा डबा बाकावर आदळला.

सर कमरेत वाकले. खडू पडला.

"सॉरी सर, हातातनं निसटला!" अमरसिंह ओरडला.

सर हळूहळू सरळ झाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी बाहीनं टिपलं. म्हणाले, "असू दे. प्रश्न काय होता?"

वर्ग खदखदून हसला. पहिल्या बाकावर बसणारी तेजस्वी हसली नाही. ती वहीत बघत राहिली.

तेजस्वी कोल्हापूरजवळच्या मलकापूरहून रोज एसटीनं यायची. तिला प्राध्यापक व्हायचं होतं. तास संपला की ती मला हातात घेऊन सरांच्या टेबलाशी उभी राहायची. तिचा आवाज हळू, पण मला तोंडापासून किती लांब धरायचं हे तिला बरोबर कळायचं. सर तिला एकच गोष्ट चार प्रकारांनी समजावून द्यायचे आणि चौथ्या प्रकारानंतर विचारायचे, "आता पाचवा तू सांग." ती सांगायचीही. तिची एसटी चुकली की दुसऱ्या दिवशी सर स्वतःहून लवकर सोडायचे. त्या वर्षी माझं खरं काम एवढंच होतं.

परीक्षेत निम्मा वर्ग नापास झाला आणि तक्रार वर गेली. विभागप्रमुख क्रांती घोरपडे मॅडम एका सकाळी तास चालू असताना आल्या. "सर, जरा बाहेर थांबता का? मुलांशी बोलायचंय. तुमच्या शिकवण्याबद्दल त्यांचं मत घ्यायचंय."

सर बाहेर गेले. माझा जोडीदार त्यांच्या कानात होता. मी पहिल्या बाकावर होतो आणि माझा दिवा हिरवा होता. मला बंद करायचं सर घाईत विसरले. पोरांना माझी इतकी सवय झाली होती की मी कुणाला दिसलोच नाही. अर्ध्या उघड्या दारातून मला कठड्यापाशी उभ्या सरांची पाठ दिसत होती.

"मोकळेपणानं बोला," मॅडम म्हणाल्या. "बाहेर काही जाणार नाही."

"स्पष्ट सांगू का मॅडम?" राजवीर उठला. "सरांस्नी ऐकूच येत न्हाय की! आम्ही शिकायचं का बोंबलायचं?"

"आणि शिकवत्यात फळ्याकडं तोंड करून," अमरसिंह म्हणाला. "सरांच्या पाठीवर पेपर काढा, सगळी पास हुतील."

हशा झाला.

"त्या मशीनची शिट्टी वाजती मॅडम मधनंच. आमाला वाटतंय, कुठंतरी कुकर लावलाय," तिसरा कुणीतरी म्हणाला.

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. त्या खोकत नव्हत्या, हसत होत्या.

"सर मनानं चांगले आहेत," वर्षाराणी नावाची एक मुलगी म्हणाली, "पण तीन आठवडे एकच व्याख्या? पुण्यातला एक सर मोबाईलवर तेच अर्ध्या तासात सांगतो. आणि त्याला ऐकू येतं."

मी सगळं पाठवत होतो, एकही शब्द न गाळता. सरांचा हात एकदा कानाकडे गेला. यंत्र काढून ठेवणं सोपं होतं. हात अर्ध्यात थांबला आणि खाली आला. तेजस्वी अजून बोलली नव्हती.

"तू सांग," मॅडम तिच्याकडे वळल्या. "तू तर पहिल्या बाकावर असतेस."

"सांग की, लाडके!" मागून राजवीर म्हणाला. "तुला तर घरचा क्लास हाय!"

पुन्हा हशा झाला. तेजस्वीचे कान लाल झाले. ती उभी राहिली.

"मी घरीच अभ्यास करते मॅडम," ती म्हणाली. "सरांचं शिकवलेलं मला काही समजत नाही. प्रश्न विचारला तर ते उत्तरच देत नाहीत."

तिचा तो हळू आवाज मी नेहमीसारखाच स्वच्छ पोहोचवला.

ती खाली बसली आणि तिची नजर माझ्यावर पडली. तिनं दिवा पाहिला. मग दाराकडे पाहिलं. सरांची पाठ हलली नव्हती. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. अंगठा माझ्यावर ठेवला आणि मला बंद केलं.

मित्रांनो, मी बंद झालो की माझ्या जोडीदारातून कानात बारीकसा 'टुक' आवाज होतो. म्हणजे आपण ऐकलं, हे सरांना ठाऊक होतं, आणि मी तेजस्वीच्याच पुढ्यात असल्यामुळे तिला ते कळलं आहे, हेही आता सरांना ठाऊक झालं.

मॅडम बाहेर जाताना म्हणाल्या, "मुलं खूश आहेत हं सर!" सरांनी मान हलवली. आत येऊन त्यांनी मला उचललं, खिशात टाकलं आणि राहिलेली व्याख्या फळ्यावर पूर्ण केली.

त्या दिवसापासून त्यांनी मला टेबलाच्या खणात ठेवलं. ते यायचे, फळ्याकडे तोंड करून शिकवायचे आणि जायचे. हात वर झाला तरी वळायचे नाहीत. मुलांनी त्यांच्याबद्दल जे जे सांगितलं होतं, ते सगळं आता खरं झालं होतं.

निर्णय लवकरच आला. वर्ग एका तरुण प्राध्यापकाकडे गेला. सरांना निवृत्तीपर्यंत जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत बसायचं होतं.

शेवटच्या तासानंतर तेजस्वी थांबली. तिनं खण उघडला, मला काढलं, दिवा लावला आणि नेहमीच्या अंतरावर धरलं. "सर, त्या दिवशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "सगळी हसतील म्हणून बोलले. मला जे येतं ते तुमच्यामुळेच."

सर तिच्याकडे बघत होते. त्यांनी कानामागून यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि डबी लावली. मग शांतपणे म्हणाले, "बाळ, मला ऐकू येत नाही. माझं शिकवलेलं तुला समजत नाही. मग आपण दोघं इथं कशाला थांबायचं? जा, एसटी चुकेल तुझी."

ते निघून गेले. मला त्यांनी मागितलं नाही. तेजस्वीनं मला परत खणात ठेवलं.

तिला अजून वाटत असेल, यंत्र आधीपासून बंदच होतं, आपले शब्द सरांपर्यंत पोहोचलेच नाहीत. मी तिथं होतो, म्हणून सांगतो. पोहोचले होते, सगळे. यंत्र तोवर चालू होतं, त्यांनी ते त्यानंतर काढलं.

आता मी त्याच खणात खडूच्या तुकड्यांमध्ये पडून असतो. माझा दिवा लागत नाही, पण वर्गातलं अजून कानावर येतं. परवा राजवीर नव्या सरांबद्दल म्हणत होता, "हे लई पळवतंय मर्दा, काय समजंना झालंय. ते म्हातारं बरं हुतं." बाकीचे हसले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला पुसून ठेवा, जपून वापरा, असं मी सांगणार होतो. ते राहू द्या. एखाद्या माणसाबद्दल मत विचारलं, तर बोलण्याआधी समजा की पहिल्या बाकावर हिरवा दिवा लागलेला आहे. कारण तो कधी लागलेला असतो, हे तेजस्वीलाही बोलून झाल्यावरच कळलं.