फसलेला नळ

तूदाने अहवालाचं सातवं पान उलटलं आणि तिचं बोट एका नावावर थबकलं. ऐत हम्मू. अ‍ॅटलासच्या डोंगरातलं तिचं गाव.

मोरोक्कोची राजधानी रबात, तिथल्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विकास या विषयात एम.ए. करताना तिने जगभरच्या फसलेल्या योजना वाचल्या होत्या. ही मात्र तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर फसली होती. वीस वर्षांपूर्वी मशिदीशेजारी नळ बसवला, तरी बायका अर्धा तास डोंगर उतरून झऱ्यावरच जात राहिल्या. कारण एका ओळीत दिलं होतं : परंपरेचा पगडा. अहवाल लिहिणारे प्राध्यापक लहलू फळ्यापाशी उभे होते, आणि तिचा प्रबंध तपासणारेही तेच होते.

तूदाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग हात वर केला.

"सर, हे कारण चुकीचं आहे."

लहलूंनी चष्मा काढला.

"तुला कसं माहीत?"

"माझी आई त्या झऱ्यावर जायची. मला पाठीशी बांधून."

मग तिने सगळं सांगितलं. नळापाशी दिवसभर पुरुष बसलेले असत. झऱ्यावर कुणी नसे. तिथे हादा नावाची एक विधवा यायची, शहरात घरकाम करता करता लिहायला शिकलेली. ती ओल्या बोटाने काळ्या खडकावर अक्षरं काढी आणि ती वाळायच्या आत बाकीच्यांनी वाचायची. दोन वर्षांत अकराजणी वाचू लागल्या. तूदाची आई इट्टो त्यांतलीच. लेकीला शाळेत घालायचा अर्ज तिने स्वतः भरला होता, नवरा बाजाराला गेलेला पाहून.

लहलूंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"नऊ दिवस होतो मी तिथे," ते म्हणाले. "सगळ्यांना विचारलं होतं." मग जरा थांबून, "म्हणजे, सगळ्या पुरुषांना."

आणि ते स्वतःच हसू लागले. मग वर्गालाही हसू आवरेना.

एप्रिलमध्ये त्यांनी सगळ्या वर्गाला ऐत हम्मूला नेलं. आता घरोघरी नळ होते, तरी बायका गुरुवारी झऱ्यावर जातच. इट्टोने लहलूंना दारातच ओळखलं.

"लाल गाडीतले तुम्हीच ना? अंडी माझ्या हातची खाल्लीत आणि प्रश्न तेवढे नवऱ्याला विचारलेत."

"म्हणून तर आज तुम्हाला विचारायला आलोय, ताई."

"मग बसा इथंच. झऱ्यावर बाप्यांचं काम नाही."

वर्गातल्या पाच मुलींना घेऊन ती उतार उतरून गेलीसुद्धा. लहलू आणि मुलगे तूदाच्या वडिलांबरोबर अंगणात गाजरं सोलत बसले. दुपार कलली तेव्हा बायका परतल्या. पोरींचे केस ओले होते आणि हसून हसून चेहरे लाल झाले होते.

"काय काय बोलणं झालं?" लहलूंनी हातातलं गाजर खाली ठेवत विचारलं.

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनेही वही उघडली नाही.