कंट्रोलचा वाफा

आमच्या कृषी महाविद्यालयात मातीला पाय न लावता चार वर्षं काढता येतात. ज्याला खोटं वाटत असेल त्याने आमच्या अध्यक्षाकडे बघावं. विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष म्हणून सगळे त्याला अध्यक्षच म्हणत. त्याचं खरं नाव हजेरी घेणाऱ्या सरांनासुद्धा आठवून सांगावं लागे, कारण हजेरीला तो क्वचितच असे. पहिल्या वर्षी निवडून आला आणि मग त्या खुर्चीवरून त्याला कोणी उठवलंच नाही. उठवणार कोण? हार आणायचा कुठून, मांडववाला कोण, पाहुण्यांना कुठे बसवायचं, हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. मक्याला तुरा वर येतो की बाजूला, एवढंच काय ते त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या सत्रात महाविद्यालयाला आमच्या भवितव्याची अचानक काळजी वाटू लागली आणि ‘नेतृत्व आणि करिअर संधी’ असं शिबिर भरलं. कानाला माइक लावलेला एक प्रशिक्षक आला. त्याने आम्हाला जोड्या करून उभं केलं आणि डोळे मिटून मागे पडायला सांगितलं. मागचा तुम्हाला झेलेल, यालाच विश्वास म्हणतात. माझ्या मागचा मोबाइल बघत होता. माझं कोपर सोललं. प्रशिक्षक म्हणाला, हाही एक धडाच आहे. मग पडद्यावर संधी दिसू लागल्या: बँक, विमा, स्पर्धा परीक्षा, खताचं दुकान. भाताच्या शेतीतल्या संधी सांगताना मागे गव्हाचं चित्र होतं. सभागृह भरून भावी कृषी पदवीधर बसले होते, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

त्या माणसाचं एक वाक्य मात्र अध्यक्षाने काळजावर कोरून घेतलं. प्रशिक्षक म्हणाला होता, “तुमच्या टीममधला सगळ्यात कमजोर जो असेल, तीच तुमची खरी उंची. आधी त्याला वर उचला.” अध्यक्षाने टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्ही सगळ्यांनी वाजवल्या. पुढे काय होणार हे तेव्हा कळलं असतं तर मी माझे हात मांडीखाली घेऊन बसले असते.

शिबिरात बाकी सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात होता, पण अभ्यासदौऱ्यानंतर ठेवलेल्या समारोपाच्या दिवशी एक खरी गोष्ट होणार होती. एका खत कंपनीचे व्यवस्थापक येणार होते. त्यांच्या नव्या द्रवखताची चाचणी आमच्या कॉलेजच्या शेतावर चालली होती. ती बघून ते आमच्यातला एक जण निवडणार होते, चाचणी सहायक म्हणून. कंपनीचं संशोधन शेत, राहायला खोली, आणि काम म्हणजे दिवसभर रोपं बघणं. बाकीच्या सगळ्या नोकऱ्यांमध्ये पिशवी खांद्याला लावून दुकानं हिंडायची होती. ही एकच नोकरी अशी होती की जिच्यासाठी मी चार वर्षं शिकले होते.

आणि मला ती हवी होती, अगदी पोटातून हवी होती. रोप का पिवळं पडलं हे हुडकून काढण्यात मला जी मजा येते ती दुसऱ्या कशातच येत नाही. शिवाय मी राहत होते ती मावशीकडची बाहेरची खोली परीक्षेनंतर मला सोडावी लागणार होती. मावशीची सून बाळ घेऊन माहेरून परत येणार होती. घरी दादाने माझी सोय आधीच करून ठेवली होती, त्याच्या मित्राच्या फरशीच्या दुकानात बिलं करायची. मावशी म्हणायची, “तू काय, फरशीवरसुद्धा काही पिवळं पडलंय का ते बघत बसशील.” ती हसायची. मला हसू यायचं नाही.

चाचणी माझीच होती. कागदावर विभागप्रमुखांची होती, पण ते बढती मिळाल्यापासून शेताच्या फाटकाच्या आत आले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पेरणीपासून शेतात मी होते. रस्त्याच्या कडेला मक्याचे चार वाफे होते. तिघांना द्रवखत, कमी, मध्यम आणि जास्त. चौथ्याला काहीच नाही. हा चौथा तो कंट्रोल. त्याला काही द्यायचं नसतं, कारण त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय बाकीच्यांना दिलेल्याचा उपयोग झाला की नाही हे कळतच नाही. हीच मांडणी मागच्या बाजूला आणखी दोन रांगांत केली होती, पण ती बांधाआड होती आणि पाहुणे बूट घालून बांध ओलांडत नाहीत.

कंट्रोल छान पिवळा पडत होता. खालच्या पानांच्या टोकापासून सुरू होऊन मधल्या शिरेने आत सरकत जाणारा, पुस्तकात दाखवतात तसा नत्राच्या उपासमारीचा पिवळा. द्रवखताच्या वाफ्यांचा रंग त्याहून थोडा बरा होता. फार नाही, थोडाच. पण मागच्या दोन्ही रांगांमध्येही तेवढाच फरक होता, म्हणजे तो खरा होता. चार वर्षांत त्या कॉलेजात मी बघितलेली ती पहिली खरी गोष्ट असावी.

मग आमचा अभ्यासदौरा निघाला. अध्यक्ष आला नाही; त्याच्यावर समारोपाची जबाबदारी होती. आठवडाभराने मी परत आले आणि बॅग मावशीच्या दारात टाकून थेट शेतावर गेले. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. बांधांना चुना मारला होता, वाफ्यांवरच्या पाट्या नव्याने रंगवल्या होत्या. आणि माझा कंट्रोल चारही वाफ्यांत सगळ्यात हिरवागार होता.

मी आत शिरून एका रोपाचा पोंगा, शेंड्याची पानांची गुंडाळी, उघडला. आतल्या कोवळ्या पानांवर पांढरे, जळल्यासारखे ठिपके होते. ते बघून काय झालं ते कळायला मला शिबिराची गरज नव्हती. कोणीतरी मुठी भरभरून युरिया वरून भिरकावला होता, दाणे पोंग्यात अडकून पानं भाजली होती, आणि वरून पाणी सोडलं होतं. युरियासुद्धा ज्यांना रोपाच्या बुडाशी टाकता येत नाही अशांनी केलेलं हे काम होतं.

अध्यक्ष मांडवाच्या खांबाला पताका लावून घेत होता. मी विचारलं तेव्हा तो लपवायला गेला नाही. उलट खुलला. सांगू लागला, की अगदी रस्त्यालगतचा वाफा असा मरतुकडा, पाहुणे काय म्हणतील, कॉलेजची काय शोभा राहील. म्हणून त्याने खालच्या वर्गातल्या मुलांना कामाला लावलं. “सगळ्यात कमजोर होता ना तो,” तो म्हणाला. “आधी त्याला वर उचलला.”

मी त्याला गाढव म्हणाले. त्याला वाटलं मी दौऱ्याने दमलेय. त्याने माझ्यासाठी खुर्ची मागवली.

विभागप्रमुखांकडे गेले तर त्यांनी आधी दार लावून घेतलं. मी म्हणाले, सर, पाहुण्यांना मागच्या रांगा दाखवू या, तिथे कोणी हात लावलेला नाही. ते म्हणाले, मागे चिखल आहे. मी म्हणाले, मग निदान खरं काय ते सांगू या. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या खिशात हात घातला. कॉलेजची अब्रू, पुढच्या वर्षीच्या चाचण्या, माझी नोकरी, सगळं त्यांनी एका दमात माझ्या डोक्यावर ठेवलं आणि मूग गिळून बसायला सांगितलं. हिरवं दिसतंय ना, मग झालं तर. मातीशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस हे बोलत होता. मला त्यांची किळस आली.

सकाळी व्यवस्थापक आले. हार, भाषण, पुन्हा हार. अध्यक्षाने नेतृत्वावर बोलून घेतलं. त्यात ‘मी’ एवढ्या वेळा आला की मक्याला कणसं यावीत तसा वाक्यावाक्याला लगडला होता. मग सगळे वाफ्यांकडे निघाले. व्यवस्थापक कधीकाळी खरंच शेती शिकले असावेत. ते कमी, मध्यम, जास्त असं बघत गेले आणि कंट्रोलपाशी थबकले. मग वाकले आणि त्यांनी पोंगा उघडला.

याला युरिया कोणी दिला, असं त्यांनी शांतपणे विचारलं. विभागप्रमुखांना तेवढ्यात आभाळात काहीतरी दिसलं. अध्यक्ष मात्र दोन पावलं पुढे आला आणि त्याने सगळी कथा सांगितली: कमजोर वाफा, टीम, उंची. व्यवस्थापक त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, आता बसेल याच्या कानाखाली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायला लागलं होतं.

पण ते हसले. मोकळेपणाने, पोट धरून हसले. मग त्यांनी मला बाजूला बोलावलं, कारण विभागप्रमुखांनी बोटाने मला दाखवून दिलं होतं.

“चाचणी तुम्ही सांभाळलीत ना?” त्यांनी विचारलं. “मला पाटीला हातही न लावणारी माणसं आवडतात. फक्त आज एकदा लावू. ही कंट्रोलची पाटी पहिल्या वाफ्यावर जाऊ दे. हिरवा वाफा आमचा. फोटो काढू, अहवालावर तुमची सही, आणि महिनाअखेर तुम्ही आमच्याकडे रुजू.”

मी म्हणाले, “मागे दोन रांगा आहेत. तिथे तुमच्या खताने खरंच फरक पडलाय. चला, दाखवते.”

“किती?”

“थोडा. पण दोन्हीकडे सारखा.”

“थोडा कोण विकत घेतो?” ते म्हणाले, आणि त्यांनी हे अगदी मायेने सांगितलं, लहान मुलाला समजावतात तसं.

तिथे उभं राहून मला बाहेरची खोली दिसली, दादा दिसला, फरशीचं दुकान दिसलं. विभागप्रमुख मान हलवून हो म्हण, हो म्हण असं खुणावत होते. सही करायला किती वेळ लागतो? मी स्वतःला विचारलं की त्या कंपनीच्या शेतावर जाऊन मी काय करणार, रोज सकाळी उठून कुठला वाफा कोणाचा हे मला कोण सांगणार. मग मी नाही म्हणाले. शूर वगैरे काही वाटलं नाही. हे सगळे माझ्या होकाराच्या लायकीचे नाहीत एवढंच डोक्यात होतं.

व्यवस्थापकांनी खांदे उडवले आणि इकडे तिकडे बघितलं. त्यांना फार शोधावं लागलं नाही. अध्यक्षाने पाटी उपटली, पहिल्या वाफ्यावर रोवली, सरळ आहे ना म्हणून लांबून बघून आला आणि हिरव्या वाफ्यात कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. फोटो छान आला. संध्याकाळच्या समारोपात त्याचं नाव जाहीर झालं: चाचणी सहायक. सभागृह उभं राहिलं. बसून राहिलेली मी एकटीच होते.

परीक्षा संपली. मी बाहेरच्या खोलीत ट्रंक भरत होते तेव्हा मावशी आत आली आणि म्हणाली, तुझा तो पुढारी आलाय. अध्यक्ष दारात चपला नीट जोडीने काढून उभा होता. उद्या निघायचं होतं त्याला. मावशीने चहा दिला. तो कपाच्या कानाशी चाळा करत हळूच म्हणाला, “एक विचारायचं होतं. हसू नकोस. कंट्रोल म्हणजे नक्की काय गं?”

मी हसले नाही. जिच्यासाठी मी चार वर्षं शिकले ती नोकरी माझ्यासमोर बसून हे विचारत होती. त्याला हाकलून द्यायचं सोडून मी त्याला शिकवायला बसले. कोणी रोपाबद्दल विचारलं की माझी जीभ थांबत नाही, हा माझा मूर्खपणा आहे. सगळं सांगितलं. एका वाफ्याला काही का द्यायचं नाही, तो पिवळा पडला तरी जीव का कळवळू द्यायचा नाही, मांडणी पुन्हा पुन्हा का करायची. तो मन लावून ऐकत होता. ढ नव्हता तो. कोणी त्याला कधी शेतात उभंच केलं नव्हतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

“म्हणजे त्या पाटीला हात लावायचा नाही,” तो म्हणाला.

“कधीच नाही.”

त्याने मान हलवली. मग चेहरा पडला. “आणि साहेबांनीच सांगितलं तर?”

“मग लाव,” मी म्हणाले. “त्यासाठीच तर घेतलंय तुला.”

मला वाटलं होतं, निदान आता तरी याला झोंबेल. पण त्याचा जीव भांड्यात पडला. तो खरोखर आनंदला, उरलेला चहा एका घोटात प्यायला, मावशीच्या पाया पडला आणि मला म्हणाला, की माझ्याइतकं सोपं करून त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.