डॉक्टरमहाराजांचे शंभर उल्लेख

एका विद्वानाने दुसऱ्याचे नाव घ्यावे, यात सामान्यतः सन्मान असतो. परंतु ते कशासाठी घेतले, हे न विचारता जो हात जोडतो, तो स्वतःच्या बुद्धीवर अन्याय करतो. आणि त्या अज्ञानापायी एखाद्या बालकाचा जीव धोक्यात येत असेल, तर जाणत्याने गप्प बसणे हे पापच होय.

१९७२च्या माघात कार्ल्याच्या धर्मशाळेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. चौरंगावर परदेशी संशोधनपत्रिकांची चळत, तिच्यावर रेशमी वस्त्र, वर झेंडूचा हार. शेजारी पांढऱ्या कोटात डॉ. रत्नाकर, म्हणजे भक्तांचे डॉक्टरमहाराज.

"हा देवाचा नव्हे, रेणवीय जीवशास्त्राचा चमत्कार!" ते गर्जले. "प्रत्येक पेशीत वंशगुणांचा धागा असतो. निरोगी वासराचा तो धागा मी या पाण्यात विरघळवला आहे. प्या आणि मधुमेह विसरा! माझ्या संशोधनाचा उल्लेख शंभर निबंधांत झाला आहे. आहे का तालुक्यात दुसरा कोणी?"

"शंभर!" पुढच्या रांगेतल्या भागूबाईंनी गालांवर चापट्या मारून घेतल्या. "आमच्या सरपंचाचं नाव येशीभाईर कोन घेत न्हाई."

मी इंदुरीहून गेलो होतो तो शेजारच्या हसिनेसाठी. तिची दहा वर्षांची जैनब रोजच्या इन्सुलिनवर जगत होती, आणि त्या सकाळी हसिनेने सुई दिलीच नव्हती.

"आबा, पोरगी रोज रडती," ती म्हणाली. "येवढी शिकल्याली मान्सं यांचं नाव घेत्यात, ती काय येडी हायेत?"

प्रश्न रास्त होता. माझ्यासोबत नंदा होती. लहानपणी ती माझ्यापाशी तर्कशास्त्र शिकली. आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत रेणवीय जीवशास्त्रातच संशोधन करीत होती.

"मीही याच विषयात काम करते," म्हणत ती पुढे झाली, तशी डॉक्टरमहाराजांनी तिला आपादमस्तक न्याहाळले. "आपले निबंध किती?"

"दोन."

"आणि उल्लेख?"

"एक. तोही आमच्या सरांनी केलेला."

सभा खो खो हसली. मी हात जोडून उठलो. "महाराज, आमच्या शास्त्रग्रंथांत ज्याचे मत खोडायचे, त्याचेही मत आधी नीट मांडतात. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. तेव्हा आपले नाव कोणत्या कारणाने घेतले, एवढे श्रवण घडावे."

"वस्त्र काढले तर तेज उडून जाते!"

"उडूंद्या की, आमी बी बघू कसं उडतंय," म्हणत भागूबाईंनी वस्त्र ओढलेच.

नंदाने पहिली पत्रिका उघडली आणि मराठीत सांगू लागली. "'रत्नाकर यांचा प्रयोग आम्ही करून पाहिला, तसे काहीही घडले नाही.'" दुसरी उघडली. "'रत्नाकर यांनी प्रयोगाची भांडी धुतली नसावीत.'"

"म्हंजी शिव्या द्यायला नाव घेतलंय व्हय!" भागूबाई ओरडल्या.

"सगळे तसे नाहीत!" डॉक्टरमहाराजांचा आवाज चिरकला.

"खरे आहे," उरलेल्या पत्रिका चाळून नंदा शांतपणे म्हणाली. "बऱ्याच निबंधांत स्तुतीही आहे. त्या निबंधांचे लेखक आपणच आहात."

या पत्रिका इथे कोणी उघडणार नाही, हीच त्या चमत्काराची सारी करामत होती. हशाने धर्मशाळा दणाणली. हसिना मात्र हसली नाही.

"मंग ह्ये पानी?"

"ताई," नंदा म्हणाली, "वासराचा धागा पोटात गेला की डाळीसारखा पचतो. त्याने इन्सुलिन तयार होत नाही. सुई चुकली, तर पोर बेशुद्ध पडेल."

हसिनेने त्या पाण्याची बाटली चौरंगावर ठेवली, मुलीचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढली. कामशेतच्या दवाखान्यात जैनबला सुई मिळाली. "लय दुखतंय, आबा," ती मुसमुसली. "दुखतं, बाळ," मी म्हणालो.

वाचकहो, मोठे नाव ऐकले की मस्तक लवते, ते स्वाभाविक आहे. लववण्याआधी इतकेच विचारावे: कोणी म्हटले, काय म्हटले, आणि स्वतः करून पाहिले का?

जैनब शतायुषी होवो. सुई देताना हसिनेचा हात हलका राहो. नंदाच्या शोधाला सत्याची साथ मिळो. आणि रत्नाकरांच्या हातूनही एक तरी प्रयोग असा घडो, की जो दुसऱ्याने करून पाहिला तरी तसाच उतरावा.