अठ्ठ्याऐंशी बाटल्या

खुंट्यांवर चौदा हेल्मेटं होती. अकरा पिवळी, दोन निळी, एक पांढरं. पांढऱ्यावर काळ्या रंगात 'फोरमन' लिहिलेलं. पिवळ्यांपैकी एक मावशीचं. त्यावर 'महिला पर्यवेक्षक' अशी पट्टी चिकटवलेली.

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात दुपारी दोनची पाळी तीन वर्षं मावशीच चालवत होती. मी तिथल्या तपासणी खोलीत नुकतीच लागले होते. "आत मला मावशी म्हणायचं नाही," तिने पहिल्याच दिवशी बजावलं.

"मग काय म्हणू?"

"सगळे म्हणतात तेच. ताई."

आईच्या बहिणीला ताई म्हणताना माझी जीभ अडखळायची.

'महिला पर्यवेक्षक' हे पद फार पूर्वी, पॅकिंगमधल्या बायकांवर देखरेख ठेवायला काढलेलं. दुसऱ्या पाळीचा फोरमन निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच नाही. काम मावशीकडे आलं, पद होतं तेच राहिलं. फोरमन उरला तो पहिल्या पाळीचा. तो मागची कागदपत्रं उरकून चारला घरी जायचा. त्यानंतर काही अडलं तर त्याला फोन करायचा.

भट्टीजवळ बोललेलं ऐकू येत नाही. सगळं हातवाऱ्यांवर चालतं. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले की यंत्र बंद करायचं. पण यंत्र बंद केलं की वितळलेली काच वाया जाते आणि पुन्हा सुरू करण्यात तास मोडतो. म्हणून नियम असा, की ही खूण पांढऱ्या हेल्मेटनेच करायची आणि चालकाने दुसऱ्या कोणाचीही मानायची नाही.

त्या मंगळवारी तीन वीसला मावशीला तीन नंबरच्या साच्यातून येणाऱ्या बाटल्यांच्या मानेवर तडा दिसला. तिने हात आडवे धरले. यंत्रावर पहिलवान होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणत. त्याने मावशीकडे पाहिलं, तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि दाराकडे बोट केलं. म्हणजे फोरमनला आणा. मावशी फाटकाजवळच्या ऑफिसापर्यंत पळत गेली. फोरमन आला, त्याने तेच हात तसेच धरले, यंत्र थांबलं. तेवढ्यात एक गरम बाटली फुटून पहिलवानाच्या हातात काच घुसली होती. पाच टाके पडले.

नोंदवहीत लिहिलं गेलं: बिघाडाची खूण ३.३१, यंत्र बंद ३.३१, विलंब नाही. वेळ फोरमनच्या खुणेपासून धरायची, अशी तिथली पद्धत होती. खाली कारखान्याच्या साहेबांचा शेरा होता: चालकाचा निष्काळजीपणा.

मावशीने वही मिटली. "सोमवारपासून मी पॅकिंगला परत जाते."

"आणि पाळी?"

"माझ्या हाताने यंत्र थांबत नसेल तर मी तिथे उभी कशाला राहू? शोभेला?"

ती बोलते ते करते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे तीन दिवस होते.

प्रत्येक बाटलीच्या बुडाला साच्याचा नंबर असतो. एक साचा मिनिटाला आठ बाटल्या देतो. त्या दिवसाचा बाद माल मागच्या अंगणात पडून होता, अजून चुरा व्हायचा होता. मी हातमोजे घालून बसले, तीन नंबरच्या, मानेला तडा गेलेल्या बाटल्या वेगळ्या काढल्या आणि दोनदा मोजल्या. अठ्ठ्याऐंशी. भागिले आठ, अकरा मिनिटं.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत मी तो कागद टेबलावर ठेवला. मावशी, फोरमन आणि हाताला पट्टी बांधलेला पहिलवान उभे होते. साहेबांनी आकडे दोनदा वाचले.

"ठीक आहे," ते म्हणाले, "ताईंना आपण 'महिला फोरमन' करू. हेल्मेटला गुलाबी पट्टा देऊ, लांबून ओळखू येईल."

"आणि थांबवायची खूण?" मावशीने विचारलं.

"ती फोरमनचीच राहील. नियम आहे."

"मग तो पट्टा माझ्या भाचीच्या वेणीला बांधा," मावशी म्हणाली.

पहिलवान हसला. मग स्वतःच बोलला, "साहेब, ताई बरोबर आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी हात उचलला नाही. पिवळ्या हेल्मेटवर यंत्र बंद केलं असतं तर तुम्ही मलाच घरी बसवलं असतं."

साहेबांनी तो कागद पुन्हा हातात घेतला.

"पाळी जो कोणी चालवेल त्याला एकच पद द्या," मावशी म्हणाली. "बाई असो, पुरुष असो. पाळीप्रमुख. हेल्मेट पांढरं, खूण एकच. उद्या माझ्या जागी दुसरं कोणी आलं तरी पाटी पुसावी लागू नये."

"फोरमनला काय वाटेल, याचा विचार केलात?"

"मला काय वाटायचंय?" फोरमन म्हणाला. "चारनंतर फोन यायचे थांबतील. बायको तर ताईंचा सत्कार करेल."

"वर विचारावं लागेल."

"विचारा. सोमवारी दोन वाजता मी खुंटीवरून हेल्मेट घेणार. पांढरं असेल तर भट्टीवर, पिवळं असेल तर पॅकिंगला."

सोमवारी पावणेदोनला फलकावर आदेश लागला. 'फोरमन' आणि 'महिला पर्यवेक्षक' ही दोन्ही पदं रद्द. पॅकिंगसुद्धा पाळीप्रमुखाच्या हाताखाली. खाली एक ओळ हाताने वाढवलेली: खुणेची वेळ पाळीप्रमुखाच्या पहिल्या खुणेपासून धरावी. मावशीने ती ओळ दोनदा वाचली आणि खुंटीवरचं पांढरं हेल्मेट घेऊन आत गेली.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी, पाच नंबरचा साचा बिघडला. मावशीने हात आडवे धरले. बाटल्या थंड होऊन तपासणीच्या टेबलावर यायला तास लागला. मी बुडाचे नंबर पाहून त्या वेगळ्या काढल्या आणि दोनदा मोजल्या.

साचा क्रमांक पाच, मानेला तडा: तीन बाटल्या.