खुर्चीची उजवी बाजू

माझ्या सासूबाई खुर्ची फाडतात, असं मी दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. खोटंही नव्हतं ते. खिडकीपाशी त्यांची हातांची खुर्ची होती. बैठक आणि उजवा हात जिथं मिळतात, तिथली शिवण वीतभर उसवलेली. मी दोनदा टाके घातले, दोनदा उसवले गेले. "आई, तुम्हीच उसवलंत ना?" असं विचारलं की म्हणायच्या, "हो."

अर्थात, त्या सगळ्यालाच हो म्हणतात. अर्धांगाच्या झटक्यात उजवं अंग गेलं, त्याबरोबर बोलणंही गेलं. एवढा एकच शब्द मागे राहिला. चहा हवाय? हो. मग नकोय का? हो. मी वैतागून म्हणायची, एकच शब्द ठेवायचा होता तर निदान 'नाही' तरी ठेवायचा, घरातल्या बाईला तोच जास्त लागतो. त्यावरही त्या हो म्हणाल्या होत्या.

पण एक सांगते. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत सासूबाई त्या खुर्चीत एकट्या बसायच्या. ताठ. ना उशी, ना कुणाचा हात. मी घरी शिवणकाम करते, तेवढ्या चार तासांत माझी मशीन चालायची. त्यांनी मला एकदाही बोलावलं नाही, आणि मलाही कधी त्याचं नवल वाटलं नाही.

नणंद दोन महिन्यांतून एकदा यायची. माझ्याहून मोठी, म्हणून मी ताई म्हणते. आली की पहिली नजर खुर्चीवर. "अगं, किती फाटलीय! लोक काय म्हणतील?" लोक कोण, तर तीच. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, लोकांचे कोट उलटवून शिवते मी, एक खुर्ची काय जड आहे?

कोपऱ्यावरच्या सोफेवाल्या काकांकडून फोम आणला, पकड आणि पिना मारायची गन मागून घेतली. काका म्हणाले, "जुनं उचकटायची घाई करू नकोस. आतलं भरण आधी नीट बघ. माणूस कसा बसतो ते त्यावरून कळतं."

"मला काय सांगता काका, पंचवीस वर्षं मशीनवर बसतेय," मी म्हटलं. माझी जीभ ही अशी.

गुरुवारी सासूबाईंना पलंगावर निजवून खुर्ची उघडली. गंजलेल्या पिना काढता काढता बोटं सोलवटली. रेक्झिन निघालं, त्याखाली काथ्या, आणि उजव्या अंगाला हा एवढा उंचवटा. हात घातला तर मोजा. आणखी एक मोजा. ओढत गेले आणि निघत गेले. सतरा मोजे, दोन स्वयंपाकघरातली फडकी, माझ्या जुन्या गाऊनची एक बाही. बहुतेक मोज्यांना भोकं. पण प्रत्येक चिंधीची चौपदरी घडी, एकीवर एक दाबून बसवलेली. इतक्या नीट घड्या मीसुद्धा घालत नाही.

मला हसू आवरेना. वाळलेले कपडे मी रोज त्या खुर्चीशेजारीच आणून टाकायची, आणि मोजे जोडीनं धुवायला टाकत नाही म्हणून नवऱ्याशी किती भांडले होते! त्याच पावली ताईंना फोन लावला. "ताई, तुमच्या आईनं खुर्चीत मोज्यांचं कोठार उघडलंय!"

त्या हसल्या नाहीत. "म्हणजे डोक्यावरही परिणाम झाला," त्या म्हणाल्या. "माणसं अशाच वस्तू लपवायला लागतात मग." संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन. त्यांच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होती. चोवीस तास नर्स. रविवारी त्या न्यायलाच येणार होत्या. म्हणाल्या, फोन आईच्या कानाला लाव. "आई, येशील ना तिकडे राहायला?"

"हो."

नवरा छताकडे बघत बसला. "आईच हो म्हणाली, आता मी काय बोलणार?" नाही म्हटलं असतं तर त्याचं काय जाणार होतं? पण त्याला कशाला बोलू. मला स्वतःला हायसं वाटलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा वाटलं, चला, सुटले. ते मोजे मी कचऱ्यात टाकले.

शुक्रवारी खुर्ची तयार झाली. गर्द हिरवं कापड, एक सुरकुती नाही. बैठक अशी सपाट, की वाटीभर पाणी ठेवलं तर डुचमळणार नाही. कौतुकानं सासूबाईंना बसवलं आणि मशीनकडे वळले. पाच मिनिटं झाली नसतील, धप्पकन आवाज आला. उजव्या हातावर कलंडल्या होत्या, गाल लाकडावर दाबलेला. सावरलं. पुन्हा कलंडल्या. दिवसभरात चार वेळा. शनिवारी कडेला उशी लावली, तर उशीसकट घसरल्या. "अहो आई, बसा ना नीट! परवापर्यंत बसत होतात की!" मी ओरडलेच. त्यांचा डावा हात पोटावरून पलीकडे जाऊन नव्या शिवणीवर फिरत होता, नख लावून बघत होता. "आणि आता हीपण फाडा," मी म्हटलं.

त्या रात्री मी माझीच समजूत घातली, की ताईंचं बरोबर आहे, यांचं आता उतरतच चाललंय.

रविवारी ताई आल्या. आईला तशी वाकडी झालेली बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस वाईट नाहीत त्या. रुमालानं आईचं तोंड पुसलं, तो आईच्या मांडीवरच ठेवला आणि आत कपडे भरायला गेल्या. मी दारात उभी राहून कुठलं जाकीट द्यायचं ते सांगत होते. सहज मागे वळून पाहिलं.

सासूबाईंनी तो रुमाल उचलला होता. मांडीवर पसरला, एका हातानं दुमडला, पुन्हा दुमडला. चौपदरी. मग हात पलीकडे नेऊन कमरेशी, शिवणीवर तो खुपसू लागल्या. आत जायला वाट कुठली? मी ठेवलीच नव्हती. रुमाल खाली पडला आणि त्या हळूहळू उजवीकडे कलल्या.

मी उजव्या अंगाचा उंचवटा काढून टाकला होता. त्यांनी दोन वर्षं, चिंधी चिंधी जमवून, एका हातानं भरलेला. जिथं अंग नव्हतं तिथं टेकू दिलेला. त्यांना मला धड हाक मारता येत नाही, आणि कशीबशी मारली तर मी खेकसते, म्हणून आपलं बसणं त्यांनी आपणच शिवून घेतलं होतं. आणि मी ते कचऱ्यात टाकून वर त्यांना वेडं ठरवून मोकळी झाले होते.

मोठी कात्री घेतली आणि ते हिरवं कापड उजव्या कडेनं वीतभर कापलं.

"अगं, काय करतेस हे!" ताई बाहेर आल्या.

"थांबा जरा," म्हणून मी मोज्यांचा अख्खा खण ओढून आणला आणि सासूबाईंच्या मांडीवर उपडा केला.

सासूबाई बघत राहिल्या. मग डाव्या हातानं एकेक मोजा उचलून पारखू लागल्या. चांगला असला की माझ्या हातात. त्याचा जोडीदार सापडला की तोही माझ्या हातात. टाचेला भोक दिसलं की मात्र घडी, आणि फटीतून आत. बोटानं दाबून बघायच्या, अंग टेकून बघायच्या, पुन्हा पुढचा. ताई हातात जाकीट घेऊन दारात उभ्या होत्या. आठव्या मोज्याला सासूबाईंचा खांदा वर आला. अकराव्याला मान सरळ झाली. माझ्या ओंजळीत सगळे धड मोजे जमले होते, एकही फाटका नव्हता.

"ताई," मी म्हटलं, "यांच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. आणि यांच्या 'हो'वर यांना कुठं न्यायचं नाही. यांना नाही म्हणता येत नाही."

ताईंनी हातातलं जाकीट खाली ठेवलं.

मी खुर्चीपुढे जमिनीवर बसले. "आई," मी म्हटलं, "माझं चुकलं हो. फार चुकलं."

सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मोज्याकडे वळल्या.